जुंबेरचं नाक

२२ नोव्हेंबर
घेवडा करपला! घरभर धूर, आणि माझा नवरा जुंबेर चुलीशेजारी बसून टोपलीची दोरी वळतोय. मी अंगणातून धावत आले.
"नाक गहाण टाकलंस का रे?"
तो दोरीकडे बघत म्हणाला, "वास येत नाही गं, मक्वाला. त्या तापानंतर कशाचाच येत नाही."
ताप सप्टेंबरात आला होता. तेव्हापासून मला एका शब्दाने बोलला नाही!

२४ नोव्हेंबर
च्खावेरी द्राक्षांची तोडणी. आमच्या गुरियात वेली झाडांवरच चढतात, त्यामुळे जुंबेर अल्डरच्या शेंड्यावर, मी खाली. तो दोरीने टोपली सोडतो, मी रिकामी करते.
कुंपणापलीकडून त्सियाला मावशी — "पडलास तर माझ्या कोबीवर पडू नकोस!"
"कोबीला बाजूला व्हायला सांग!" — वरून हा.
हसला खरा. पण जेवताना घास फिरवत राहिला. वाईनमध्ये आम्ही वरून काहीच घालत नाही. द्राक्षं रांजणात, रांजण मातीत पुरलेला. बिघडायला लागली की आधी वासच सांगतो.
"कुणाला बोलू नकोस. हसतील."
"मी आहे ना."
"तुला काय कळतं त्यातलं?" — म्हणाला, आणि लगेच ओशाळला.
"मग शिकव."

२ डिसेंबर
रांजण फसफसतोय. मी आत वाकते, तो मागून कंबर धरून उभा.
"काय येतंय?"
"द्राक्षांचा वास."
"अरे वा! नीट सांग."
"ओल्या पानांचा. थोडा सालीचा. आणि... तुझ्या आईच्या कपाटात सफरचंदं असायची ना, तसा."
त्याने डोळे मिटले. बराच वेळ उघडलेच नाहीत.
"मग चांगलं चाललंय," म्हणाला.

७ जानेवारी
आमचा नाताळ, जुन्या पंचांगाचा. अंडं-चीज भरलेल्या करंज्या केल्या. त्याने एक मोडली आणि माझ्याकडे बघितलं. मी सांगत गेले — लोण्याचा, भाजलेल्या पिठाचा, कडेला जरा जळल्याचा — आणि तो खात गेला. चार खाल्ल्या!

२७ मार्च
रांजण उघडला. वाट लागली.
झाकण सरकवलं आणि असा भपकारा आला — कुजका, आंबट — की मी मोरीकडे पळाले. परत आले तर जुंबेर झाकणाशीच बसलेला.
"गेली?"
मी मान हलवली.
"तुझी चूक नाही," तो म्हणाला. मला रागावला असता तर बरं वाटलं असतं. रविवारी तिबिलिसीहून हॉटेलवाल्या बाई चाखायला यायच्यात. वर्षभराची वाईन या एकाच रांजणात.

२८ मार्च
सकाळी तो ओतून टाकायलाच निघाला होता. मी हात धरला. "मावशीला एकदा दाखवू."
"म्हणजे गावभर होणार."
"होऊ दे."
तो स्वतःच कुंपणाशी गेला, आणि हाक मारली तीसुद्धा मोठ्याने — "मावशी, माझं नाक गेलंय. जरा येतेस?"
ती हसली नाही. आली, वास घेतला, घोट घेतला. पुन्हा घेतला. मग पेलाच भरून मागितला.
"अरे मुडद्या, ही ओतणार होतास? तुझ्या बापाच्या हातूनही अशी उतरली नव्हती!"
जुंबेरचं तोंड बघण्यासारखं झालं. मी मात्र अॅप्रनने नाक दाबून दाराशी उभी. मावशी माझ्याकडे बघत राहिली.
"वाईनला काही झालेलं नाही," म्हणाली. "हिला ओझुर्गेतीला डॉक्टरकडे ने."
मावशीला काहीही सुचतं! आम्ही तर तो विचार केव्हाच सोडला. पाळण्यासाठी ठेवलेल्या खोलीत आता बटाटे असतात.

३१ मार्च
खरंच आहे. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बाळाचा ठोका दाखवला.
येताना गाडी मीच चालवली. जुंबेर वाटभर बटाटे कुठे हलवायचे तेच ठरवत होता.