ओढायचं नाही, झुकायचं

बाई, तुम्ही गेलात त्याला बरीच वर्षं झाली, आणि इतक्या वर्षांत तुम्हाला काही लिहावं असं कधी वाटलं नाही. आज दुपारी हे झोपलेत, कूलर घरघरतो आहे, आणि मला आडवं व्हायचंही त्राण नाही, म्हणून लिहिते आहे.

धरमपेठेत देवळामागच्या हॉलमध्ये तुम्ही आम्हा मुलींना कसरत शिकवायच्या. आम्हाला वाटलं होतं, कमानी शिकवाल, कोलांट्या शिकवाल. तुम्ही मात्र कितीतरी दिवस नुसतं जमिनीवर बसवता आणि हात न टेकता उठायला लावता. मी दातओठ खाऊन उठते, तोल जातो, पुन्हा आदळते. तुम्ही मागे येऊन कण्यावर दोन बोटं ठेवता. "काहून झगडून राहिली वं सोताशी? सगळी ताकद मानेत नेऊन ठेवली. श्वास सोड. वजन पुढे जाऊ दे, अंग मागून येते." मुली हसतात, मला रडू येतं. मग एका संध्याकाळी मी उठले, आणि उठल्याचं मला उभं राहिल्यावर कळलं. तुम्ही शाबासकी दिली नाहीत. "आता पुन्हा बस," म्हणालात.

लग्न, नोकरी, मुलगी, यात ते सगळं मागे पडलं. मागच्या दिवाळीनंतर ह्यांना पक्षाघात झाला, उजवी बाजू लुळी पडली. दवाखान्यातून घरी आणलं त्याच दिवशी ह्यांना पलंगावरून उठवायला मी काखेत हात घालून ओढलं. हे ओरडले, मी आणखी ओढलं, आणि दोघंही फरशीवर आलो. जन्मभर ऑफिसात पुस्तकी मराठी बोललेला माणूस, भिंतीकडे बघत म्हणाला, "मले इथंच राहू दे." शेजाऱ्यांनी येऊन आम्हाला उठवलं.

दुसऱ्या दिवशी मी ओढलं नाही. ह्यांचे पाय मागे घेतले, समोर उभी राहिले, लुळ्या गुडघ्याला माझा गुडघा लावला, पाठीवर हात ठेवला.

"माझ्याकडे झुका."

"पडीन ना वं."

"वजन येऊ द्या माझ्यावर. श्वास सोडा."

दोघांनी श्वास सोडला आणि हे उभे राहिले. कित्येक वर्षांत आमचे चेहरे इतके जवळ आले नव्हते. दोघंही अवघडलो.

आता हे काठी घेऊन गॅलरीपर्यंत जातात, रस्ता बघत बसतात. पण उठवायचं मलाच, दिवसभर, पुन्हा पुन्हा. येणारेजाणारे म्हणतात, किती सहज करता तुम्ही! दिसतं सहज, बाई. क्लास सुटल्यावर तुम्ही खिडक्या लावता लावता भिंतीला टेकून डोळे मिटायच्या. आम्ही चपला घालून पळायचो, कोणी काही विचारलं नाही.

काल रामटेकहून दिरांचा फोन आला. "वहिनी, दादाले आठ दिवस आमच्याकडे राहू द्या. तुम्ही जरा आराम करा." मी ताबडतोब नको म्हटलं. म्हटलं, त्यांना माझ्याशिवाय कोणाला उठवता येत नाही. खरं तर मुलगी आली होती तेव्हा एका दिवसात शिकून गेली, दीरही शिकले असते. हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, म्हणून तुम्हाला सांगते. ह्यांना एकदा तिकडे नेलं की मलाच परत आणावंसं वाटणार नाही, याची भीती वाटली.