विमान गोठ्यात, बैल निंबाखाली

१७ मे १९५६, गुरुवार
आज विमान घेतलं. डोकं शांत ठेवून लिहितो आहे.
मालगुजारी जाऊन पाच वर्षं झाली. सरकारने मोबदला दिला, पण रस्त्याने जाताना लोक पूर्वी उठून उभे राहत ते काही परत दिलं नाही. आता मी डोक्यावरून गेलो की बघतीलच मान वर करून.
नागपूरला लिलाव होता. विमान लढाईच्या आधीचं. पंखांची दुहेरी जोडी, पुढे बंद पेटीत तीन उतारू, मागे उघड्यावर पायलट. नव्याच्या दहाव्या हिश्श्यात मिळालं. मी जन्मभर बैल पारखत आलो. चाकं दाबली, शेपटी उचलून पाहिली, पुढचा पंखा हाताने फिरवला. लिलाववाला बघतच राहिला. जुनं यंत्र म्हणजे शिकवलेलं जनावर. नव्याला वळण लावण्यात खरा पैसा जातो, हे या शिकलेल्या लोकांना कोण सांगणार?
कंपनीचं नाव: चंद्रभान एअर सर्व्हिस. वर्धा ते नागपूर, रोज, दुपारी चार.
संकल्प: किंमत मोजली ती मोजली. वर्षभर विमानावर एक पैसा जादा नाही.

२० मे, रविवार
नागपूरहून आपल्या गावी, सावंगीच्या पडीक वावरात उतरलो. चाळीस मिनिटं. पायलट ओमप्रकाश, लढाईत विमानं चालवलेला माणूस. महिन्याच्या पगारावर ठेवला, जेवून-खाऊन. उतरल्यावर त्याने जमिनीला हात लावून तो कपाळाला लावला. आनंदाने असावं.
इंजिनाचं तेल पेटीत गळून माझ्या धोतरावर आलं. थोडं गळतंच.
सौ. अन्नपूर्णेने विमानाला ओवाळलं. मग म्हणाली, "हे काय खाते?"
बायकांना आधी तेच सुचतं.

२ जून, शनिवार
प्रेमदासला मेकॅनिक म्हणून ठेवलं. सावंगीचाच. लढाईत नागपूरच्या तळावर विमानांच्या इंजिनावर काम केलं, लायसन्स आहे. माणूस हुशार, पण बोलतो फार खरं.
त्याने दोन दिवस विमान उघडून पाहिलं. इंजिनाचे तास भरत आले, ओव्हरहॉल, म्हणजे सगळं खोलून दुरुस्ती, लागेल म्हणाला. तारा गंजल्या. पंखांचं कापड कुजलं. उडायला लायक असल्याचं सर्टिफिकेट नोव्हेंबरात संपतं, तोवर सगळं व्हायला पाहिजे. आणि त्याची सही झाल्याशिवाय ते उडवायचं नाही.
मी म्हणालो, सही काय, आत्ताच कर.
"माह्या सहीवर माणूस आभाळात जाते, मालक," म्हणाला. "सही कागदावर दिसते, पण असते त्याच्या जिवावर."
काम न करण्याची सबब किती सुंदर शोधतात लोक!

१९ जून, मंगळवार
विमान पावसात उभं राहिलं तर लाकडी सांगाडा फुगेल म्हणे. म्हणून गोठ्याची समोरची भिंत पाडून विमान आत घेतलं. कवड्या आणि सुभान्या हे बैल बाहेर कडुनिंबाखाली बांधले. ही जोडी अन्नपूर्णेला माहेराहून आली. तिचा भारी जीव. दोन्ही म्हातारे झालेत.
मी तिला शांतपणे समजावलं, की म्हातारं जनावर खातं तितकंच, काम निम्मं करतं आणि औषधपाणी दुप्पट. असं पोसणं म्हणजे शुद्ध भावना. धंद्यात भावना चालत नाही.
ती विमानाकडे बघत राहिली. पटलेलं दिसतं.

८ जुलै, रविवार
आज मोठी युक्ती सुचली. यंत्र वापरलं की झिजतं. तर मग वापरायचंच नाही. न उडवल्यास खर्च शून्य. इतकी साधी गोष्ट मोठ्या कंपन्यांच्या लक्षात कशी येत नाही?
प्रेमदासला सांगितली. तो म्हणाला, "मालक, हे उभ्या-उभ्याच म्हातारं होऊन राह्यलं. टायरीले चिरा पडल्या. उंदरानं सीट खाल्ली. नवं असतं तं एक डाव पाह्यलं असतं, याले चार डाव पाह्य लागते."
उंदरांसाठी मांजर ठेवली. मांजरीचं दूध कंपनीच्या खर्चात.
ओमप्रकाशचं वजन वाढलं आहे. रोज पुरणपोळी मागतो. अन्नपूर्णा वाढते. पायलटचं वजन वाढलं की पेट्रोल जास्त लागतं, हे तिला कळत नाही.

२९ जुलै, रविवार
या इंजिनाचे सुटे भाग आता कोणी बनवतच नाही. मुंबई, कलकत्ता, सगळीकडे तारा केल्या. एका ठिकाणाहून उत्तर आलं की भाग नाहीत, पण असंच एक मोडकं विमान पडलं आहे, ते अख्खं घ्यायचं असेल तर घ्या.
घेतलं. मालगाडीने आलं. त्याचे भाग काढून याला लावायचे.
प्रेमदासने डोक्याला हात लावला. त्यातले अर्धे भाग आपल्याहून वाईट निघाले. पण तो बघतो नट-बोल्ट, मी बघतो धंदा. आजच्या तारखेला चंद्रभान एअर सर्व्हिसकडे दोन विमानं आहेत.

४ सप्टेंबर, मंगळवार. पोळा.
अन्नपूर्णेने बैलांना नवी झूल मागितली. जुनी फाटली आहे हे खरं. मी नाही म्हणालो. घरात कापड आलं तर आधी ते विमानाला लागेल.
कवड्या-सुभान्या फाटक्या झुलीत तोरणाखाली उभे राहिले. रामाजी, आमचा सालदार, झुलीची भोकं हाताने झाकत होता. परत आल्यावर अन्नपूर्णेने त्यांना स्वतःच्या हाताने पुरणपोळी भरवली. माझ्या ताटात भाकरी होती.

२० सप्टेंबर, गुरुवार
पंखांना परदेशी तागाचं खास कापड लागतं म्हणे. का? हा वर्धा जिल्हा आहे! इथे घराघरात चरखा आहे आणि मी परदेशी कापड आणू?
पाच गावांतून हातसुताची खादी जमवली. स्वदेशी पंख. असं विमान देशात दुसरं नसेल.
प्रेमदासने कापड उजेडात धरलं. "एक धागा सुतळीवानी, एक केसावानी. वरून डोप लावला का विमानाचं कापड ढोलावानी ताणलं जाते. हे ताणणार नाई, मालक. पेऊन घेईन निस्तं." डोप म्हणजे कापडाला लावायचं एक प्रकारचं वार्निश.
मी त्याला देशप्रेमावर थोडं सांगितलं. शेवटी त्याने शिवलं. शिवण मात्र बघण्यासारखी. डोप चौपट लागला. पंख जड झाले, म्हणजे मजबूत झाले. पेंटरकडून खालून लाल अक्षरात कंपनीचं नाव काढलं, जमिनीवरून वाचता येईल असं.

११ ऑक्टोबर, गुरुवार
प्रेमदासने रजा मागितली. दसऱ्याला नागपूरला दीक्षा आहे, घरचे सगळे जाणार. मी मोठ्या मनाने म्हणालो, सही कर, विमानानेच सोडतो, फुकट. कंपनीचा पहिला उतारू तू.
तो हसला. या चार महिन्यांत पहिल्यांदाच. "आमी गाडीनं जातो, मालक. गाडीत जागा नाई भेटली तं पायी."
विमानाचा मेकॅनिकच विमानात बसत नाही, हे बाहेर कळता कामा नये.

१७ ऑक्टोबर, बुधवार
प्रेमदास परत आला. पांढरे कपडे, ताठ मान. जय भीम म्हणाला. मी सवयीने रामराम म्हणालो. मग म्हणाला, "चंद्रभानजी, मागचं चाक पाह्य लागते आज."
चंद्रभानजी. मालक नाही.
दिवसभर ते कानात राहिलं. राग आला होता, असं प्रामाणिकपणे लिहितो. पण चाक त्याने आधीपेक्षा चांगलं बसवलं, हेही लिहायला हवं.

१ नोव्हेंबर, गुरुवार
आजपासून आपण मुंबई राज्यात. नागपूर राजधानी राहिलं नाही. ज्यांना रोज सेक्रेटरिएटात जायचं होतं असे माझे सगळे उतारू आता नागपूरला कशाला जातील?
घाबरायचं कारण नाही. मार्ग बदलला. वर्धा ते मुंबई. लांबचा मार्ग, भाडंही जास्त.
ओमप्रकाश म्हणाला, "मालगुजार साहब, टंकी में तेल नागपूर तक का है." तो तपशील झाला.

१९ नोव्हेंबर, सोमवार
सर्टिफिकेटसाठी इन्स्पेक्टर आले. सभ्य माणूस. प्रेमदासने माझ्यासमोर त्यांना एकेक दोष स्वतःहून दाखवला. मी मागून खुणा करत होतो.
शेवटी इन्स्पेक्टरने पंखावर अंगठा टेकवून जरा दाबला. अंगठा आरपार. त्यांनी तो काढला, रुमालाने पुसला आणि विचारलं की हे कापड कोणतं. मी अभिमानाने सांगितलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.
सर्टिफिकेट नाही. ओव्हरहॉल आणि नवं कापड होईपर्यंत उडायचं नाही.
त्यांना चहा दिला. बिस्किटं मात्र दिली नाहीत.

२७ नोव्हेंबर, मंगळवार
ओव्हरहॉलला पैसा हवा. निर्णय घेतला: बैलजोडी विकायची. शुक्रवारी रामाजी ती देवळीच्या बाजारात नेईल.
आणि मीही जाईन. विमानाने! इन्स्पेक्टरच्या कागदात लिहिलं आहे, उडू नये. रस्त्याने चालू नये असं कुठेही लिहिलेलं नाही. दोनदा वाचलं. बाजारात विमान येऊन उभं राहिलं की हजार माणसं जमतील, आगाऊ तिकिटं तिथेच खपतील.
प्रेमदास म्हणाला, "चंद्रभानजी, याचे चाकं उतरायपुरते असते, रस्त्याचे नाई." त्याला आज कामच नको आहे.
अन्नपूर्णेला बैलांचं सांगितलं. ती रडली नाही. उठून निंबाखाली गेली आणि दुपारभर तिथेच बसली. मला जेवण गेलं नाही. पित्त असावं.

३० नोव्हेंबर, शुक्रवार
थोडक्यात लिहितो.
सकाळी आठला निघालो. ओमप्रकाश मागे, मी पेटीत, खिशात तिकिटांचं पुस्तक. प्रेमदास जॅक घेऊन मागून पायी. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. पहिला मैल सुंदर. वावरातली माणसं उभी राहून बघत होती. मी हात केला.
दुसऱ्या मैलाला रस्त्याच्या दोन्ही अंगांना बाभळी. डावा पंख बाभळीत शिरला आणि खादी टर्रकन फाटली. ओमप्रकाशने विमान उजवीकडे घेतलं, तर उजवा पंख. मग मोरीवर मागचं चाक मोडलं. इंजिन तापून धूर आला आणि बंद पडलं. मागून गाड्यांची रांग लागली. कापसाच्या गाड्या. गाडीवाले काय काय बोलले ते लिहीत नाही. एकाने विचारलं, "काऊन जी, हे तं आभायात चालते ना?"
एवढ्यात पुढच्या निंबाखालून रामाजी बैल घेऊन आला. पहाटेच निघालेला माणूस अजून तिथेच कसा, असं मी विचारलं. म्हणाला, "बैल सरकेच ना, मालक. दर लिंबाखाली उभे राह्यत." मला वाटतं, बैल नव्हे, रामाजीच उभा राहत होता.
दुसरा इलाज नव्हता. प्रेमदासने दोर बांधला, जॅकवर शेपटी उचलून खाली एका रिकाम्या गाडीची चाकं आसासकट घातली. कवड्या-सुभान्या जुंपले. मला खात्री होती की म्हाताऱ्यांच्याने हलणार नाही. कवड्याने मान खाली घातली, सुभान्याने खांदा लावला, आणि ते अख्खं विमान, त्यात मी, परत सावंगीला आणलं. एकदाही थांबले नाहीत. एकाही निंबाखाली नाही.
मी पेटीच्या काचेतून त्यांच्या पाठी बघत होतो. पाच महिने मी यांना उघड्यावर ठेवलं. मला लाज वाटली. उतरून चालावं असं वाटलं, पण धोतर सीटच्या स्प्रिंगमध्ये अडकलं होतं.
दारात अन्नपूर्णा उभी होती. माझ्याकडे बघितलंही नाही. बैलांचे पाय धुतले.
बाजार चुकला. बैल विकले गेले नाहीत. पुढच्या शुक्रवारी बघू.

१ डिसेंबर, शनिवार
पुढच्या शुक्रवारी नाही.

१२ जानेवारी १९५७, शनिवार
ओमप्रकाशला नोकरी लागली, गेला. जाताना अन्नपूर्णेच्या पाया पडला. प्रेमदासने शेतीच्या इंजिनांचं दुरुस्तीचं दुकान काढलं. माझ्या ऑइल इंजिनाला आज नवा पट्टा लावून दिला, बिलावर लगेच सही केली. मी म्हणालो, इथे कशी रे पटकन सही? म्हणाला, "हे चालते, चंद्रभानजी. म्हणून."
विमान भंगारवाल्याला दिलं. लोखंड कमी आणि लाकूड फार, अशी त्याची कुरकुर. खादी त्याने घेतली नाही. गोठा मोकळा झाला.

२५ ऑगस्ट १९५७, रविवार. पोळा.
अन्नपूर्णेने पंखांची खादी महिनाभर पाण्यात भिजवून, आपटून डोप काढला आणि तिच्या दोन झुली शिवल्या. काठाला आरसे. पेंटरची लाल अक्षरं निघाली नाहीत, तशीच ठेवली. प्रेमदास बघायला आला होता. कापड ओढून पाहिलं. "मजबूत हाय जी," म्हणाला. "बैलाच्या कामाचं."
यंदा आमची जोडी तोरणाखाली सगळ्यांत पुढे. कवड्याच्या पाठीवर चंद्रभान एअर, सुभान्याच्या पाठीवर सर्व्हिस. तोरण तुटलं, वाजंत्री सुरू झाली, लोक उठून उभे राहिले.
घड्याळ पाहिलं. बरोबर चार. ठरल्या वेळी कंपनी पहिल्यांदाच सुटली.
मी मागून पायी होतो.