बिनमापाचा कोट

१४ ऑक्टो. २००६, शनि. लीड्स
सासूबाई पुण्याला बहिणीकडे, म्हणून शनिवारी सासऱ्यांच्या, म्हणजे आप्पांच्या, टेलरिंगच्या दुकानात मी. स्कॉटलंडच्या बेटावरून नवा गठ्ठा आला. हातमागाचं ट्वीड, शेवाळी हिरवं. आप्पांनी कागद फाडला, ओल्या लोकरीचा वास आला आणि मला ढवळून आलं. "ऑफिसचा फोन" म्हणत बाहेर पळाले.
गुरुवारी टेस्ट पॉझिटिव्ह. फक्त नवऱ्याला, नीलला माहीत. मागच्या वर्षी सगळ्यांना सांगितलं, मग सगळ्यांना पुन्हा सांगावं लागलं. या वेळी स्कॅनपर्यंत चूप.

२१ ऑक्टो., लक्ष्मीपूजन
पूजा दुकानातच. मशीनला हळदकुंकू, कात्रीला फूल. आप्पा म्हणाले, "मुग्धा, दिवाळीचा तुला कोट. त्या हिरव्या कापडाचा."
पण बायकांची मापं सासूबाई घेतात. सुनेला टेप लावायची म्हणजे... आप्पा चक्क लाजले! मग नीलने घेतली. छातीपेक्षा कंबर मोठी निघाली.
नील : "माझी माप चुकली?"
आप्पा : "माप चुकलं. आणि मराठीही."
शेवटी आप्पांनी मला दाराशी उजेडात उभं केलं, हात पाठीमागे बांधून एक फेरी मारली. थांबले. पुन्हा एक फेरी. "झालं," म्हणाले आणि खडू शोधत बसले. खडू हातातच.

२८ ऑक्टो., शनि.
कच्च्या शिलाईवर कोट घालून पाहिला. ऐसपैस.
नील : "आप्पा, हा तर टेन्ट आहे."
"हातमागाचं कापड आहे. मोकळं बसू द्यावं."
बटणं लावलीच नाहीत. "ती शेवटी." मला चहाऐवजी आल्याचं पाणी दिलं, न विचारता. आणि तो गठ्ठा दिसला नाही कुठे. मागच्या खोलीत हलवलाय, दार लावून. का बरं?

९ नोव्हें., गुरु.
ऑफिसात थोडं ब्लीडिंग. हॉस्पिटलला फोन केला. आराम करा, सोमवारी स्कॅनला या. नील घरी धावत आला.
परत नको रे देवा.

११ नोव्हें., शनि.
नीलने दुकानात सांगितलं, मुग्धाची पाठ दुखतेय. दुपारी आप्पा दारात. शनिवारचं दुकान बंद करून! डब्यात मऊ भात, हातावर कोट. पलंगाशी खुर्ची ओढून बसले.
"पाठ ना?"
मी रडायलाच लागले. "तुम्हाला कुणी सांगितलं?"
"कुणी कशाला सांगायला हवं? नीलच्या वेळी तुझ्या सासूच्या आधी मला कळलं होतं. फोनवर रोज जीभ चावतोय, पण तिला नाही हो सांगितलं."
अस्तर उलटून दाखवलं. शिवणींच्या आत भरपूर कापड दुमडलेलं. "लागलं तर उसवू."
"आणि नाही लागलं तर, आप्पा?"
ते तळव्याने शिवण दाबत राहिले. मग म्हणाले, "तरी कोट तुझाच. मी तुझ्यासाठीच शिवलाय, पोरी."

१३ नोव्हें., सोम.
वेटिंग रूम. हीटिंग फुल, तरी कोट काढवत नाही. नीलने हात माझ्याच खिशात घातलाय.
आप्पांचा फोन. "काही नाही, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून सहज केला." मागे एक गिऱ्हाईक मोठमोठ्याने बोलत होतं.
नर्स आली. हातातल्या कागदावरचं नाव वाचायला धडपडतेय. मीच ती. उठते.