परीक्षेचा रुग्ण

१२ मार्च ७९, सोम.
आयुर्वेद कॉलेजच्या रुग्णालयात दुसरा आठवडा. उजवा पाय कमरेपासून धरलेला. मोठ्या वैद्यांनी पहिल्याच दिवशी 'गृध्रसी' लिहून टाकले. माणूस गिधाडासारखा चालतो म्हणून हे नाव. सौ.ला अर्थ सांगितला. म्हणाली, "चाल तशी पहिल्यापासूनच आहे. नाव आत्ता कळलं."
शाळेत वार्षिक परीक्षा तोंडावर आणि मी इथे एरंडेल पितो आहे. पर्यवेक्षणाला मी नाही म्हणजे बाकाबाकांवर दिवाळी.

१५ मार्च, गुरु.
शेवटच्या वर्षाची मुले संध्याकाळी श्लोकांचे अर्थ विचारायला येतात. संस्कृतचा मास्तर आयता खाटेला खिळलेला, पळणार कुठे?
कॉपी करण्यालाही प्रकृती असते, असे ध्यानात आले. वातप्रकृती कुलकर्णी खिशाखिशात चिठ्ठ्या ठेवतो, मग कुठली कुठे ते विसरतो. पित्तवाले कॉपी करतात आणि वर पर्यवेक्षकाशी भांडतात. देशमुख शुद्ध कफ. काही लिहून आणत नाही, काही पाठ करत नाही, गोड हसतो. "होईल हो काका."
गांगुर्डेचे मात्र बसत नाही कशात. घोटीची मुलगी, वडील भातगिरणीत. गेल्या वर्षी रुग्ण तपासण्याच्या प्रात्यक्षिकात नापास झाली. परीक्षकाने विचारले, ही सरळ "माहीत नाही" म्हणाली. बाकीचे निदान काहीतरी बोलतात तरी! यंदा गेली तर फीची सवलत बंद, आणि मावशीने स्थळ बघून ठेवले आहे.
श्लोक नीट ऐकून घेते, मग विचारते, "पण सर, हे खरं कशावरून?" इतक्या वर्षांच्या नोकरीत हे मला कोणी विचारले नव्हते.  राग आला नाही, याचेच नवल.

१८ मार्च, रवि.
मोठे वैद्य येऊन म्हणाले, "गुरुजी, चार दिवस आणखी राहा. इतकी स्वच्छ केस मिळत नाही. परीक्षेला ठेवू." आयुष्यात प्रथमच कोणीतरी स्वच्छ म्हणाले. राहिलो.
शेजारच्या खाटेवर सिन्नरचे एक बाबा, दम्याचे. परीक्षेला नेहमीचे. त्यांनी मला तयार केले. "मास्तर, लय सोपं हाय. पोरगं तपासायला येतं, चहा पाजतं, आपुन रोगाचं नाव सांगायचं. काम झालं."
"अहो, ही तर कॉपी."
"कॉपी कसली? रोग आपला हाय. सांगू नायतर झाकू."
न्यायशास्त्रात याला तोड नाही.

२० मार्च, मंगळ.
परीक्षा सुरू. माझ्या वाट्याला देशमुख. आल्याचा चहा, बशीत दोन बिस्किटे. "काका, तेवढं नाव..."
चहा प्यालो. म्हणालो, "पाय तपास."
त्याने नडगीवरून मायेने हात फिरवला आणि बाबांकडे वळला. बाबांनी माझा रोग परस्पर देऊन टाकला.

२१ मार्च, बुध.
आज गांगुर्डे.
चहा नाही, हसणे नाही. जीभ, नाडी, डोळे. पाय सरळ वर उचलला. फारसे दुखले नाही. मग गुडघा दुमडून मांडी आत वळवली तर मी ओरडलो. पुन्हा वळवली. पुन्हा ओरडलो. तिच्या कपाळाला आठी.
"सर, मांडीच्या मागे दुखतं की जांघेत?"
"जांघेत."
"हे आधी कोणी विचारलं होतं?"
"नाही."
मग पेन हातात धरून बसून राहिली. वेळ संपत आलेला, कागद कोरा. मोठ्या वैद्यांपासून देशमुखपर्यंत साऱ्यांनी गृध्रसी लिहिले आहे, ही काहीतरी वेगळेच लिहिणार आणि पुन्हा जाणार, हे मला स्पष्ट दिसू लागले. घोटी, ती मावशी... आणि मी, ज्याने शाळेत पोरांच्या बाह्या उलटून पाहिल्या, तो वाकून पुटपुटलो, "अगं, गृध्रसी. लिही आणि मोकळी हो."
तिने वर पाहिले. ताप चढलेल्या रुग्णाकडे पाहावे तसे.
"सर, मी विचारलं नव्हतं."
तोंडी परीक्षा वॉर्डाच्या पार टोकाच्या टेबलावर. मला फक्त तिची पाठ दिसत होती. बऱ्याच वेळाने बाहेरचे परीक्षक उठून माझ्या खाटेशी आले, स्वतः मांडी वळवली. मी ओरडलो. "हं," म्हणाले आणि गेले. मागे उभ्या मोठ्या वैद्यांनी माझ्याकडे पाहिले नाही.

२२ मार्च, गुरु.
देशमुखकडून कळले. तिने कागदावर गृध्रसी लिहिले, मग खोडून खाली 'खुब्याचा संधिवात'. परीक्षकांनी विचारले, हे का लिहिलं, का खोडलं? तर म्हणाली, "रुग्णानं सांगितलं म्हणून लिहिलं. पटलं नाही म्हणून खोडलं."
"काका, इतकं खरं कोणी बोलतं का?" देशमुख रडायच्या बेतात. आता तिच्यावर आरोप, रुग्णाकडून निदान काढून घेतले. वॉर्डात चहा आणायला बंदी.
बाबा माझ्याकडे पाठ करून झोपले. "मास्तर, तुमच्या पोरीनं चहा तोडला."
तुमच्या पोरीनं. बरे वाटले ऐकून.

२४ मार्च, शनि.
काठी टेकत चौकशीला गेलो.
"तिने विचारलं?"
"नाही. मी आपणहून सांगितलं."
"आपण शिक्षक ना?"
"हो. कॉपी पकडण्यात नाव आहे."
कोणी हसले नाही. लेखी दिले. आणखी कोणी विचारले का, म्हणाले. देशमुखचे नाव घेतले नाही. त्याचा चहा प्यालो होतो.
सौ.ला सारे सांगितले. शाळेत कळेल, मुख्याध्यापक बोलावतील. तिने पांघरूण नीट केले. मग म्हणाली, "कळू दे. पोरगी सुटली पाहिजे."

३ एप्रिल, मंगळ.
देवळाली कॅम्प. घरी. एक्स-रे आला. खुब्याचे हाड झिजलेले, स्वच्छ दिसते. मी आनंदाने ओरडलो. सौ. म्हणाली, "हाड झिजलंय तुमचं, पेढे काय वाटताय?"
दुपारी तोच फोटो घेऊन कॉलेजात, द्वारका चौकात बस बदलून. जिन्यावर घाम फुटला. मोठ्या वैद्यांनी फोटो उजेडाला धरून बराच वेळ पाहिला. "निदान चुकलं माझं, गुरुजी. तिचं बरोबर. पण प्रश्न निदानाचा नाही, शिस्तीचा आहे." माणूस वाईट नाही. जिन्यापर्यंत हात धरून सोडायला आले.

२९ एप्रिल, रवि.
निकाल लागला. देशमुख पास, कुलकर्णीसुद्धा. गांगुर्डेचा राखून ठेवलेला. कधीपर्यंत, कोणी सांगत नाही.
आज ती वडिलांना घेऊन घरी आली. दारातच ते म्हणाले, "जयभीम, गुरुजी." मीही जयभीम केला. सौ.ने पोहे टाकले.
"पोरगी लय हट्टी हे, गुरुजी. खोडलं ते खोडलं. वर सांगायला कशाला जायचं?"
"आबा, तुम्ही पोहे खा," ती म्हणाली.
शेवटी मी म्हणालो, "मी तोंड उघडायला नको होतं."
तिने पोह्यांची बशी खाली ठेवली. मग, "तुम्ही सांगितलं तेव्हा बरं वाटलं हो, सर. लिहूनसुद्धा टाकलं. मग वाटलं, माझ्या रुग्णाचं दुखणं मला सापडलंय आणि मी त्या दुखण्यालाच खोटं पाडतेय. तुम्ही बोलला नसता तर तो कागद कोराच गेला असता."
 सौ. पदराने डोळे पुसत आत गेली, वर कांदा कापते आहे म्हणाली. पोहे केव्हाच झाले होते.
"आणि निकाल आलाच नाही तर?" मी विचारले.
"बघू. आधी पाय बघू द्या. झोपा."
आबांसमोरच दिवाणावर आडवा झालो. तिने गुडघा दुमडला. हात मांडीवर पडतो न पडतो तोच मी म्हणालो, "हां, इथेच—"
"सर, दुखेल तेव्हा सांगा. आधी नको."
डोळे मिटून गप्प पडलो. ती पाय हळूहळू आत वळवू लागली.