गुळाची गोळी

मामी, त्या सकाळी मी चूल सारवली होती, जात्याभोवतीचं पीठ भरत होते, आणि तुम्ही अंगणात तुमच्या लेकाची, माझ्या नवऱ्याची, गोळी वळत बसला होतात. रोजचंच होतं ते. मेहकरच्या दुकानातली अफू तुमच्या कमरेच्या चंचीत असायची. सकाळी गुळात कालवून एक गोळी, तीही तुमच्याच हातून, म्हणजे हे जास्त घेणार नाहीत.

कापूस वेचणीच्या त्या दिवसांत यांची दशा झाली होती. नाक गळायचं, पोटऱ्यांत गोळे यायचे, भर उन्हात वाकळ पांघरून थरथरत पडायचे. मला वाटलं, काही आजार असेल. तुम्ही पुढे निघालात की मला म्हणायचे, "मायच्या गोळीनं काही होऊन नाही राह्यलं. जरासी दे वो." पोरीला झोपवायला मी राईएवढी अफू चाटवायची, तेव्हा सगळ्याच बाया चाटवत. ती मी यांना द्यायला लागले. पुरेना, तशी पोरीच्या नावाने शेतातल्या बायांकडे मागू लागले. पोरगी बांधावर रडून रडून निळी पडते आहे आणि तुम्ही विचारता आहात, "काऊन रडते वो हे? दात येऊन राह्यले काय?" मी हो म्हणते.

तर त्या सकाळी शेजारची मावशी विस्तव मागायला आली. तुम्ही तिला हळूच सांगितलं, ते मला आत ऐकू आलं, "सुटला माहा पोरगा. जरा जरा कमी करत आणली. आठ दिवस झाले, निस्ता गूळ खाऊन राह्यला, अन् त्याले पत्ताच नाही."

"सुनेले सांगतलं?"

"तिले कायले? नवरा रडला का पाघळते ते."

तुम्ही दोघी हसलात. तुम्हाला इतकं मोकळं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

पुढे पोरीच्या पाटीवर गिरवून मी अक्षरं शिकले. व्यसन सोडवायला घर एकविचाराचं लागतं, असं परवा एका पुस्तकात वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. एका चुलीवर जेवत होतो आपण, मामी. तुम्ही मला सांगितलं नाही, मी तुम्हाला.

पुढच्या पोळ्याच्या आधीच तुम्ही गेलात, लेक सुटला असं समजून. यांची अफू शेवटपर्यंत सुटली नाही. आता हे कागद कुठे धाडणार? त्या सकाळी मी पीठच भरत राहिले. दुसऱ्या दिवशी ठरवलं होतं, द्यायची नाही. तुम्ही घागर घेऊन विहिरीवर गेलात. यांनी माझे पाय धरले. मी दिली.