लाईन गेल्यावरची बुआ

बाबा, ज्या सिरियलसाठी तुम्ही दर रविवारी ग्रामपंचायतीतल्या टीव्हीचं कपाट उघडायचात, ती परत आली आहे. अगदी तीच नाही. तिच्यातलं एक माणूस उचलून त्याची वेगळी सिरियल काढली आहे, आणि ती मोबाईलवर लागते. ते माणूस म्हणजे बुआ. पांढऱ्या साडीतली, सगळं उलटं ऐकणारी. काम करणारी बाईही तीच आहे, फक्त तेव्हा केसांना पांढरा रंग लावत असतील, आता लावावा लागत नाही. नात नागपूरहून दिवाळीच्या सुट्टीत आली आहे. तिनं मोबाईल डब्याला टेकवून ठेवला, सुरुवातीचं वाजणं ऐकू आलं आणि मी तांदूळ निवडता निवडता थांबले. वाजणं तेच होतं.

तुम्ही जाऊन वीसेक वर्षं झाली. तरी तुमचं त्या वेळचं रूप मला सगळ्यात स्पष्ट दिसतं. तुम्ही आसगावच्या ग्रामपंचायतीचे शिपाई. कपाटाची चावी कमरेच्या करगोट्याला बांधलेली. टीव्ही सरकारी, तुम्ही मात्र तो आपल्या घरच्या बैलासारखा पुसता. समोर सतरंजीवर अर्धं गाव. हिंदी बहुतेकांना समजायची, पण पडद्यावरची माणसं भराभर बोलायची, म्हणून म्हाताऱ्यांसाठी तुम्ही बाजूला उभे राहून सांगत राहायचात. आजीला पहिल्या दिवशीच अडलं होतं. ती म्हणाली, "बाईमाणसाले बुवा काहून म्हणून रायले? दाढी ना मिशी." तुम्ही म्हणालात, "माय, हिंदीत आत्याले बुआ म्हणतेत." आजीला ते शेवटपर्यंत पटलं नाही. ती त्या बाईला बुवासाहेब म्हणायची.

सिरियल अर्ध्यावर आली की लाईन जायची. नेहमी नाही, पण गंमत रंगात आली की हमखास. मग अंधारात तुमच्यावर शेरे सुरू. "शिपाई, तुनंच घालवली ना बे लाईन?" "वायरमनले चहा पाजला दिसते यानं." तुम्ही कंदील शोधता शोधता म्हणायचात, "उद्या पवनीहून उरलेलं घेऊन येतो गा. थैली मोठी नेतो." सोमवारी तुम्ही टपाल घेऊन पवनीला जायचात. तिथे बसस्टँडजवळच्या हॉटेलात टीव्ही होता आणि तिथे लाईन जात नव्हती, असं तुम्ही सांगायचात. हॉटेलवाला तुम्हाला उरलेली गोष्ट सांगायचा आणि तुम्ही ती गावात सांगायचात. संध्याकाळी पंचायतीच्या पायरीवर माणसं त्यासाठी जमायची. आम्हाला घरी आधी ऐकायला मिळायची, तेवढाच शिपायाच्या घरी असण्याचा फायदा.

माझी शाळा तेव्हा सुटलेली होती. दुसरीतून तुम्ही मला काढलं, कारण धाकटा भाऊ झाला होता आणि मायला धान लावायला, रोवणीला जावं लागायचं. मी एकदा पाटी घेऊन दारात उभी राहिले होते. तुम्ही सायकल पुसत होतात. वर न पाहता म्हणालात, "पाटी ठेव. तू शाळेत बसशीन तं याले कोण पाहीन?" रागावून नाही, साधं बोललात. म्हणूनच ते जास्त लागलं. त्यानंतर मी पाटी मागितली नाही. आणि खरं सांगते, पुढे लग्न झालं, लेकरं झाली, तुम्ही आजारी पडलात तेव्हा पाय चेपले, सगळं केलं, पण ते वाक्य माझ्या पोटातून गेलं नाही. तुम्हालाही ते माहीत असावं. आपण त्यावर कधी बोललो नाही.

आता त्या रविवारचं सांगते. बुआ स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे. भाऊ खुर्चीत बसून पेपर वाचतो आहे. ती पदर सावरून म्हणते, "भैया, अब हम भी शिक्षा लेंगे." आजी म्हणाली, "आता हिनं काय केलं वं? शिक्षा कायले घेते?" मागून एक बाई म्हणाली, "दूध उतू घालवलं असन." आणि लाईन गेली. माणसं घरी जाईपर्यंत बुआच्या गुन्ह्यावरच बोलत होती.

दुसऱ्या दिवशी तुम्ही पवनीहून आलात. माय चुलीपाशी लाखोळीची भाजी निवडते आहे, मी भावाला कडेवर घेऊन उभी आहे, तुम्ही पाटावर बसून पाय चोळता आहात. तुम्ही म्हणालात, "शिक्षा म्हणजे हिंदीत शिकणं. बुआ वाचाले शिकून रायली." आजी म्हणाली, "शिकणं म्हणजे शिक्षाच. हिंदीवाल्याइले बरं समजलं." मग तुम्ही उरलेलं सांगितलं. बुआच्या कडेवर लेकरू असतं. शाळेत जाता येत नाही. म्हणून ती किराणा बांधून आलेले कागद फेकत नाही, सरळ करून वाचते. जोडाक्षर आलं की अडते. मग तिला युक्ती सुचते. "अर्ध्यावर बोट ठेवाचं. राहिलेलं अर्धं वाचाचं. मंग बोट सरकवून दुसरं अर्धं. मंग दोघाइले एका दमात म्हणाचं." तुम्ही तसं बोट ठेवूनही दाखवलं, मिठाच्या पुडीच्या कागदावर. शेवटी भावाचा चष्मा फुटतो, पेपर कोण वाचणार म्हणून घर खोळंबतं, आणि बुआ पेपर उचलून खडाखडा वाचते. "घर चूप," तुम्ही म्हणालात. मायसुद्धा भाजी निवडायची थांबली होती.

मी दुसऱ्या दिवसापासून कागद ठेवायला लागले. बोटाची युक्ती चालली. क्ष तेवढा झाकून फुटेना, तो मी शेवटी शिकले, म्हणजे शिक्षा हा शब्द मला सगळ्यात उशिरा वाचता आला. पुढे सासरी पेपर यायचा, मी तो आधी चोरून आणि मग उघड वाचला. पुस्तकं वाचली. पवनीच्या वाचनालयात गेले की तिथली बाई आता नवीन आलेलं माझ्यासाठी बाजूला ठेवते. यांची नजर साखरेच्या आजारानं गेली तेव्हा शेवटच्या दिवसांत मीच यांना रोज पेपर वाचून दाखवला. आधी धानाचे भाव, मग गावोगावच्या बातम्या, आणि निधनवार्ता हे स्वतः मागून ऐकायचे. यांना जाऊन आता बरेच दिवस झाले, तरी पेपर आला की पहिलं पान मी तोंडानंच वाचते. या सगळ्याचं श्रेय मी मनात बुआला दिलं होतं. घरच्यांनी पाटी काढून घेतली आणि टीव्हीतल्या बाईनं दिली, असा माझा हिशोब.

तर परवा नवी सिरियल सुरू झाली आणि पहिल्याच भागात म्हातारी बुआ अंगठा उठवते. मी म्हटलं, "हे चुकीचं दाखवून रायले. तिले वाचता येते."

नात म्हणाली, "आजी, वाचता येत नाही म्हणून तर ही सिरियल आहे. आता ती शिकणार."

"येते वं तिले. भावाचा चश्मा फुटला होता, तवा पेपर वाचला तिनं."

"कोणत्या एपिसोडमध्ये?"

"लाईन गेली होती त्याच्यात."

"लाईन गेली होती, तर तू पाहिला कसा?"

तेवढ्यात पडद्यावर जुनी आठवण म्हणून तोच प्रसंग दाखवला. दार, पदर, खुर्ची. "भैया, अब हम भी शिक्षा लेंगे." घरातले सगळे हसतात. भावजय तिच्या हातात पळी देऊन म्हणते, "पहले दाल को शिक्षा दीजिए, जल रही है." अजून हसतात. बुआ आत जाते. संपलं. आपल्याकडे लाईन गेली तेव्हा पुढे एवढंच होतं.

मी नातीला विचारलं, "आणि तिच्या कडेवर लेकरू होतं ते?"

"कोणाचं? जुने भाग पाहिलेत मी, त्या घरात लहान मूल नाहीच आहे, आजी. भावाची दोन्ही मुलं कॉलेजात जातात."

खरंच होतं ते. मलाही आठवलं, दोघं स्कूटरवर फिरायचे. मग मी उठून चहा ठेवला.

हॉटेलवाल्यानं तुम्हाला खोटं सांगितलं असेल, असंही मी धरून पाहिलं. पण हॉटेलवाल्याला आमचा भाऊ कुठे माहीत होता? त्याला कसं कळणार की आसगावात एक पोरगी लेकरू कडेवर घेऊन उभी राहते आणि जोडाक्षराशी अडते? पंचायतीच्या भिंतीवरची अक्षरं लावताना मी अडायचे, ते कुणालाच माहीत नाही असं मला वाटायचं. म्हणजे तुम्ही पाहत होतात. शाळेत मला परत घालणं तुम्हाला जमत नव्हतं, किंवा जमलं असतं आणि तुम्ही केलं नाही, ते मला ठरवता येत नाही. मायला रोवणी सोडता येत नव्हती हे आता कळतं. तरी पाटी ठेवायला लावलीत ते चुकलंच, बाबा, आणि आजही मी तसंच म्हणेन. पण मिठाच्या पुडीवर बोट ठेवलंत तेही तुम्हीच. दोन्ही हात एकाच माणसाचे होते, आणि मी आयुष्यभर एकच हात धरून बसले होते.

हे कुणाला पाठवायचं नाही. भाऊ आता स्वतः आजा झाला आहे, त्याला वाचायला दिलं तर तो कडेवरच्या लेकरापाशीच अडून हसत बसेल. नातीनं काल परत विचारलं, "मग ते पेपर वाचणं तुला कोणी सांगितलं, आजी?" मी म्हटलं, "दुसरी सिरियल असन वं, चुकलं माहं." तिला खरं सांगेन, ती जायच्या आधी सांगेन. पण माझ्यासाठी कुणी रचलेली अशी गोष्ट मला दुसरी मिळालेली नाही, म्हणून काही दिवस ती माझ्या एकटीजवळच ठेवावीशी वाटते.