न उबलेली अंडी

बाई,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की आता मी काहीही लिहिलं तरी तुम्ही रागावणार नाही, आणि मला तेच सोयीचं आहे. कॉलेजात प्राणिशास्त्राच्या खोलीत मी तुमच्या हाताखाली ढालकिडे पाळायची, तेच लाल, काळ्या ठिपक्यांचे. नानाखेड्याच्या पुढच्या शेतांतून त्यांना खायला मावा कीड पडलेली मोहरी आणायची, बरणीत घालायची, तोंडाला मलमलीचं फडकं बांधायचं. एका मादीची निम्मी अंडी उबलीच नाहीत. मी ती खराब समजून पुसून टाकली आणि वहीत लिहिलं, सगळ्या माद्या निघाल्या. तुम्ही भडकलात. "अगं, थोडा दिमाग लाव. मेले तेच तर नर होते. निघालेल्यांचंच लिहिशील तर समजणार काय?"

मग तुम्ही समजावून सांगता. त्या मादीच्या अंगात एक जिवाणू असतो, आईकडून अंड्यात उतरतो, पिढ्यान्‌पिढ्या. त्याला पुढे नेतात त्या लेकी. मुलगे त्याच्या कामाचे नाहीत, म्हणून तो त्यांना अंड्यातच मारतो, आणि निघालेल्या बहिणी पहिलं जेवण म्हणून तीच अंडी खातात. मला शिसारी येते. तुम्ही म्हणता, "त्यांना कुठे ठाऊक असतं? आईलासुद्धा नसतं."

पुढे माझं लग्न झालं, दोन मुली झाल्या. गावात तेव्हा रंगीत टीव्ही, नव्या गाड्या, सगळंच येत होतं, आणि देवास गेटजवळ सोनोग्राफीचं मशीनही आलं. सासूबाई म्हणायच्या, "हिच्या माहेरीच पोरींची लाइन आहे." तुम्ही घरी येऊन, चहा पिता पिता, त्यांना ऐकवलंत की माणसांत हे बापाकडून ठरतं. माझ्यासाठी एवढं कोणी भांडलं नव्हतं.

तिसऱ्या खेपेला, चौथ्या महिन्यात, आपोआप पडलं असं मी तुम्हाला कळवलं. तुम्ही डब्यात मऊ भात आणि मेतकूट घेऊन आलात. "सासूनं काही केलं का? खरं सांग." मी मान खाली घातली. तुम्ही त्याचा अर्थ लावलात आणि मरेपर्यंत सासूबाईंशी बोलला नाहीत. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि मी ती होऊ दिली. मुलगा नंतरही झाला नाही. ती तिसरी असती तर आता कॉलेजात असती. आता मीही वर्गात ढालकिड्यांचा हाच धडा शिकवते, आणि त्या जिवाणूपाशी आले की पुस्तक मुलींच्या हातात देते, म्हणते तुम्हीच वाचा. यातून सुटका नाही, बाई, मी शोधून पाहिली.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून लिहिते. त्या दिवशी सासूबाई भैरवगढला बहिणीकडे होत्या. घरी कोणाला काही माहीत नव्हतं. मी एकटी टेम्पोनं देवास गेटला गेले. मुलगी आहे असं सांगून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घर जाकर सोच लीजिए." मी म्हटलं, "सोच लिया."